लायब्ररीत आरोग्याचे प्रश्न येतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात एका तालुका वाचनालयात ग्रंथपाल आहे, सोळा वर्षं झाली. नवीन लागलेली मुलं-मुली फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. क्रम वगैरे लावलेला नाही, जे जास्त विचारलं जातं ते जरा सविस्तर लिहिलंय.

आपण काय डॉक्टर आहोत का? या भानगडीत पडायचंच कशाला?

कारण लोक येतातच. ओपीडीत तीन तास थांबून दोन मिनिटं बोलणं झालेलं असतं, कागदावर एक लांबलचक इंग्रजी नाव असतं, आणि घरी जाताना वाटेत आपली लायब्ररी लागते. आपण "ते आमचं काम नाही" म्हटलं तर तो माणूस गप्प बसत नाही, मोबाईलवर पहिलं जे येईल ते वाचतो. निदान आपण करायचं नाही, औषध सुचवायचं नाही, डोस बरोबर आहे का ते सांगायचं नाही, आणि "माझ्या मावशीला पण अस्संच झालेलं" हे तर अजिबात म्हणायचं नाही, ते सगळ्यात जास्त लक्षात राहतं लोकांच्या. कोणी लिहिलंय आणि कधी लिहिलंय ते दाखवून वाचायला द्यायचं, एवढंच आपलं काम.

वाचक म्हणाला "पित्तावर काहीतरी द्या". काय देऊ?

अजून काहीच नको, आधी विचारा.

पित्त म्हणजे आपल्याकडे निदान चार गोष्टी. आंबट ढेकर आणि छातीत जळजळ ते पित्त, अंगावर लाल गांधी उठतात ते पण पित्त, पित्ताशयात खडे झाले तरी "पित्ताचा त्रास", आणि अर्धं डोकं ठणकून उलटी झाली की मोकळं वाटतं त्यालाही लोक पित्तच म्हणतात, ती बऱ्याच वेळा अर्धशिशी असते. इंग्रजीत याला चार वेगळे शब्द आहेत आणि माहितीही चार ठिकाणी. सुरुवातीच्या काळात एक काकी आल्या, पित्तात काय खायचं नाही ते हवं होतं, मी मोठी हुशारी करून पित्ताशयाच्या खड्यांवरची पानं प्रिंट करून दिली, ऑपरेशनच्या चित्रासकट. दुसऱ्या दिवशी काकी रडवेल्या होऊन परत. त्यांच्या अंगावर नुसत्या गांधी उठत होत्या हो! तेव्हापासून मी शोधायला कमी आणि विचारायला जास्त वेळ घालवते.

विचारायचं म्हणजे पोलिसासारखं नाही. हे नाव डॉक्टरांनी सांगितलं की शेजारणीने, डॉक्टरांचा कागद जवळ आहे का म्हणजे स्पेलिंग बघता येईल, लहान मुलासाठी हवंय की मोठ्या माणसासाठी, आजार काय असतो ते वाचायचंय की खाण्यापिण्याचं की ऑपरेशनचं, आणि मराठीत हवं की इंग्रजी चालेल. "तुम्हाला झालंय का?" असं थेट कधीच विचारू नका, "कोणासाठी बघताय, मोठ्यांसाठी ना?" एवढ्यात काम होतं.

आजाराचं गावठी नाव सांगतात, त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कुठे बघू?

हाच खरा कळीचा प्रश्न आहे आणि यावर कोणी ट्रेनिंग देत नाही. आपल्याकडे मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं एकाच वाक्यात येतं. मधुमेहाला कोणी शुगर म्हणतं, कोणी गोडेंमूत. काविळीला कामीण. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. अंगावरून पांढरं जाणं आणि अंगावर पांढरे डाग येणं या दोन गोष्टी घाईत ऐकल्या तर गोंधळ ठरलेला, त्यात बायका हळू आवाजात बोलतात.

सगळ्यात छान उदाहरण माकडतापाचं. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, माकडताप टाकून काही येणार नाही, आणि त्याचं शब्दशः इंग्रजी करून शोधलं तर मंकीपॉक्सही समोर येतो, म्हणजे आता ज्याला एमपॉक्स म्हणतात तो, डब्ल्यूएचओने २०२२ च्या नोव्हेंबरात नाव बदललं. दोन्हीच्या नावात माकड, बाकी काही संबंध नाही. आपल्याकडचा माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली पहिल्यांदा सापडला म्हणून हे नाव. तो गोचिडीमुळे होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. एमपॉक्स मात्र जवळच्या संपर्काने माणसाकडून माणसाला होतो. २०२२ मध्ये बातम्या आल्या तेव्हा काजूच्या बागायतीत कामाला जाणारे लोक येऊन विचारायचे की "माकडाचा रोग" झालेल्या माणसाजवळ बसलं तर चालतं का, आणि याचं उत्तर कुठला माकडाचा रोग यावर पूर्ण उलट होतं. आता सांगा, नाव बरोबर लावणं हे बारीकसारीक काम आहे का?

नाव शोधायला दोन गोष्टी वापरा. मराठी शब्द थोडा पुस्तकी असेल, म्हणजे हिवताप, विषमज्वर, घटसर्प, आमवात असला काही, तर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन फुकट आहेत, शरीर, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र वेगवेगळे. पण गोडेंमूत त्यात मिळेल अशी आशा ठेवू नका. त्यासाठी वही करा. माझ्याकडे एक जाड वही आहे, डावीकडे लोकांचा शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द, आणि कोणा डॉक्टर-नर्सकडून खात्री करून घेतली त्याची तारीख.

मेश मेश म्हणतात ते काय?

आपण ग्रंथपाल आहोत, आपल्याला हे डॉक्टरांपेक्षा लवकर कळतं. पुस्तकांना विषय लावायला सिअर्स लिस्ट वापरली आहे ना, तसंच. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० मध्ये सुरू केलेली विषयशीर्षकांची यादी, आता ३० हजारांच्या वर शीर्षकं, दरवर्षी दुरुस्त होते. लेखक काहीही शब्द वापरो, इंडेक्स करताना एकच शीर्षक लागतं. हार्ट अटॅक टाइप केलं तरी पबमेड मागच्या मागे मायोकार्डियल इन्फार्क्शन पण शोधतं ते यामुळेच. अॅडव्हान्स्ड पानावर जाऊन आपल्या शोधाचं त्याने काय केलं ते एकदा उघडून बघा, अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

मग सुरुवात पबमेडपासूनच करायची ना?

नाही हो! सामान्य वाचकाला पबमेडवरचा लेख देणं म्हणजे पोहायला शिकायला आलेल्याला मिरामारच्या समुद्रात पावसाळ्यात ढकलणं. आधी मेडलाइनप्लस ही वेबसाइट, त्याच अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची, १९९८ पासूनची, साध्या माणसांसाठी लिहिलेली, जाहिराती नाहीत, पानाच्या खाली तारीख. डब्ल्यूएचओच्या फॅक्ट शीट्स छोट्या आणि सरळ असतात. एमएसडी मॅन्युअलची लोकांसाठीची आवृत्ती पण फुकट आहे, चित्रं चांगली. भारतातल्या डॉक्टरांनी अमुक आजारात साधारण काय क्रमाने उपचार करावेत हे बघायचं असेल तर आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो आहेत, पण ते डॉक्टरांसाठी लिहिलेत, नर्सिंगच्या मुलींना द्या, आज्जींना नको.

खाण्यापिण्याचं असेल तर परदेशी चार्ट देऊच नका, केल आणि ब्लूबेरी घेऊन आपल्या माणसाने करायचं काय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे (एनआयएन) २०२४ चे आहाराचे मार्गदर्शक नियम आहेत, आणि २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते आहेत, ५२८ पदार्थांचे. एका आजोबांना शुगर आणि उकड्या तांदळाची पेज यावर माझ्याशी रोज वाद घालायचा असतो, त्यांना तो तक्ता हातात दिला, आता ते तक्त्याशी वाद घालतात.

पबमेड नक्की कधी वापरायचं? आणि पबमेडवर आहे म्हणजे खरं ना?

विद्यार्थी, नर्स, आशाताई, फिजिओ, किंवा एखादा वाचक ज्याने सगळं साधं वाचून संपवलंय आणि त्याला पुढचं हवंय, त्यांच्यासाठी. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत, पण बहुतेक नुसते सारांश. आणि पबमेड हा कॅटलॉग आहे, प्रमाणपत्र नव्हे. आपल्या कॅटलॉगमध्ये ज्योतिषाची पुस्तकं आहेत म्हणून काय ज्योतिष खरं ठरतं का? तसंच ते. उंदरांवरचा प्रयोग पण तिथे असतो, एकाच पेशंटची गोष्ट पण तिथे असते.

म्हणून डावीकडच्या फिल्टरमध्ये सिस्टिमॅटिक रिव्ह्यू लावा. एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून, पारखून, एकत्र काय दिसतं ते सांगणारा लेख. कॉक्रेन ही संस्था हेच करते, १९९३ पासून, आणि त्यांचे सोप्या भाषेतले सारांश कुणालाही फुकट वाचता येतात. त्यांचा लोगो कधी नीट बघितलाय? गोल वर्तुळात आडव्या रेघा. त्या खऱ्या अभ्यासांच्या रेघा आहेत. दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या बाईला स्वस्तातलं स्टेरॉइड दिलं तर बाळ वाचण्याची शक्यता वाढते का, याचा पहिला अभ्यास १९७२ मध्ये छापून आला, पुढे आणखी आले, पण ते सगळे एकत्र ठेवून बघितलेला लेख यायला १९८९ उजाडलं, मधल्या काळात बऱ्याच डॉक्टरांना हा उपाय किती चालतो ते माहीतच नव्हतं. माहिती होती, छापलेली होती, कोणी जुळवली नव्हती. ग्रंथपालाने ही गोष्ट ऐकून झोपू नये असं मला वाटतं.

पूर्ण लेख उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. काय करू?

आधी पबमेड सेंट्रल बघा, तिथे असेल तर फुकट. मग अनपेवॉल ब्राउझरमध्ये टाकून ठेवा, लेखकाने दुसरीकडे कुठे मोकळा ठेवला असेल तर दाखवतं. नाही तर लेखकाला सरळ ईमेल करा, दोन ओळींचा, बरेच जण आनंदाने पाठवतात. वाचक कॉलेजातला असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेचं विचारा, १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३ हजार जर्नल्स, सरकारी कॉलेजं, विद्यापीठं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. आपल्यासारख्या सार्वजनिक वाचनालयांना त्यात जागा नाही. याचा मला राग आहे, कारण आजारी पडायला कॉलेजात अॅडमिशन लागत नाही.

औषधाबद्दल विचारलं तर? हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं.

वाटायलाच हवं. घ्यायचं की नाही, बंद करायचं की नाही, अर्धी गोळी चालेल का, यातलं काहीही आपण बोलायचं नाही, लिहिलेलं वाचायला द्यायचं आणि डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारायला काय प्रश्न घेऊन जायचे ते कागदावर लिहून द्यायचं. हे प्रश्न लिहून देणं फार उपयोगी पडतं, लोक डॉक्टरसमोर बसले की विसरतात.

ठरावीक जागा आहेत त्या लक्षात ठेवा. अंगावर पाजणाऱ्या आईने औषध घेतलं तर दुधात किती जातं यासाठी लॅक्टमेड, फुकट आहे, एका बाईने थायरॉइडची गोळी स्वतःच बंद केली होती, तिने ते पान वाचलं आणि ते घेऊन तशीच डॉक्टरांकडे गेली. औषधाची ठरलेली किंमत बघायला फार्मा सही दाम, औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी एनपीपीएचं. अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी २०२२ ची आहे, ३८४ औषधं. औषधाचा वाईट परिणाम झाला असं वाटलं तर पेशंट स्वतः कळवू शकतो, फार्माकोव्हिजिलन्सचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, हे कित्येक केमिस्टनाही माहीत नसतं.

ब्लड रिपोर्ट पुढे करतात आणि "बघा ना जरा" म्हणतात.

त्या टेस्टचं नाव घेऊन मेडलाइनप्लसवर ती टेस्ट कशाची असते ते पान द्या. आकड्याकडे बोट दाखवून "हे जास्त आहे" असं म्हणू नका, जरी ठळक अक्षरात छापलेलं असलं तरी.

व्हॉट्सअॅपवरचं घेऊन येतात. वाद घालायचा का?

वाद नको, मूळ शोधा. कोणी म्हटलंय, कधी, कुठे छापलंय. नव्वद टक्के वेळा... नको, टक्के नको, बहुतेक वेळा मूळच नसतं आणि ते वाचकाच्या समोर शोधलं की त्याला स्वतःलाच दिसतं.

पण कधी कधी मूळ असतं, आणि तेच जास्त धोकादायक. २०१७ च्या फेब्रुवारीत गोव्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा पालक लस आणि ऑटिझमचा लेख घेऊन आले. तो लेख खराच छापला गेला होता, १९९८ मध्ये, लॅन्सेटसारख्या नावाजलेल्या जर्नलमध्ये, १२ मुलांवरचा. फक्त २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला हे फॉरवर्ड करणाऱ्याने लिहिलं नव्हतं. पबमेडवर अशा लेखाच्या डोक्यावर मागे घेतल्याची पट्टी असते, ती वाचकाला स्क्रीनवर दाखवा, आपण बोलण्यापेक्षा ती बरी बोलते. कोविडच्या वेळी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा मोठा लेख २०२० च्या मे महिन्यात आला आणि जूनच्या सुरुवातीला मागे घेतला गेला, दोन आठवडेही टिकला नाही. म्हणून "कुठे छापलंय" एवढं विचारून भागत नाही, "अजून उभं आहे का" ते पण बघा.

आणि "मधुमेह मुळापासून बरा" छापाच्या जाहिराती कोणी नोटीस बोर्डावर लावायला आणल्या तर १९५४ चा ड्रग्स अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, मधुमेह-कॅन्सर यासारख्या आजारांवर असा दावा करून जाहिरात करता येत नाही. मी कायद्याचं नाव घेते आणि माणूस चहा न पिताच जातो.

एआयला विचारलं तर चालेल का? मुलं तेच करतात.

शब्द शोधायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला बरं पडतं, मी पण वापरते. संदर्भ मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका. एक नर्सिंगची मुलगी संदर्भांची यादी घेऊन आली, सगळे लेख मिळवून द्या म्हणाली, लेखकांची नावं खरी, जर्नलं खरी, आणि लेख जगात कुठेच नाहीत. अर्धा दिवस गेला माझा. आता मी पहिलं पीएमआयडी मागते, म्हणजे पबमेडमधला लेखाचा नंबर, संदर्भ बनावट असेल तर तो आकडा पबमेडमध्ये टाकला की भलताच लेख उघडतो किंवा काहीच नाही.

लोक जुनी मेडिकलची पुस्तकं दान देतात. ठेवू?

६१० ते ६१९ ची, म्हणजे वैद्यकाची, कपाटं दरवर्षी बघा. औषधोपचाराचं पुस्तक पाच वर्षांच्या वरचं असेल तर मी लोकांच्या हाताला लागेल असं ठेवत नाही, दात्याला वाईट वाटलं तरी. शरीररचनेचं जरा जुनं चालतं. पत्रकांचंही तेच, माकडतापाच्या जुन्या कागदांत लस घ्या असं असतं, ती जुनी लस फारसा परिणाम नाही म्हणून नंतर बंद झाली. मराठी विश्वकोशातल्या वैद्यकाच्या नोंदी शब्दांसाठी सोनं आहेत, उपचारांसाठी नाहीत.

फारच जुनं असेल तर मात्र फेकू नका, ते इतिहासात जातं. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पोर्तुगीजमधले कागद अजून कुठल्या तरी घरात माळ्यावर सापडतात, ते पणजीला सेंट्रल लायब्ररीकडे पोचवा. पोर्तुगीज डॉक्टर गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये इथेच गोव्यात छापलं गेलं, पणजीतल्या बागेला त्याचंच नाव आहे, आणि ते पुस्तक छपाईच्या चुकांसाठीही तितकंच प्रसिद्ध आहे, मागे लांबलचक शुद्धिपत्र. एक गृहस्थ त्यातला उपाय करून बघायचा म्हणून विचारत होते. म्हटलं भाऊ, वाचा, पण करू नका. गावठी औषधांचं तसंच, मी माहिती नाकारत नाही, आयुषच्या रिसर्च पोर्टलवर काय आहे ते दाखवते आणि चालू गोळ्यांबरोबर हे घेताय हे डॉक्टरांना सांगा एवढं नक्की लिहून देते.

छोटं गाव आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. गुप्तता कशी ठेवायची?

हे शहरातल्या लोकांना कळत नाही. आपल्याकडे एखाद्या मुलीने गर्भपातावरचं पुस्तक नेलं की संध्याकाळी तिच्या आईला कळतं. मी अशी पुस्तकं काउंटरसमोरच्या कपाटात ठेवत नाही, कोपऱ्यात ठेवते, तिथेच बसून वाचायची सोय आहे, म्हणजे रजिस्टरवर नाव येत नाही. कॉम्प्युटरवर शोधून झालं की हिस्ट्री पुसायची, प्रिंट मशीनवर कागद पडून राहू द्यायचा नाही. आणि बाजारात तो वाचक भेटला तर "काय, बरं आहे का आता?" हे विचारायचं नाही, कितीही तोंडावर आलं तरी.

कोणी खूप घाबरलेलं किंवा खचलेलं आलं तर?

श्वास लागतोय, छातीत दुखतंय असं काही असेल तर पुस्तक नको, १०८. मन खचलेलं दिसलं तर टेलिमानसचा नंबर १४४१६, चोवीस तास असतो, मी तो प्रत्येक टेबलावर चिकटवलाय म्हणजे कोणाला मागावा लागत नाही. वाईट निदान झालेल्या माणसाला किती जगतात हे आकडे त्याने मागितल्याशिवाय समोर ठेवू नका. मागितले तर लपवू पण नका.

एवढं सगळं करायला वेळ कुठून आणू?

सगळं नका करू. वही सुरू करा, बाकीचं हळूहळू होतं. माझ्या वहीत डिचोली, सत्तरी, फोंड्याकडचे शब्द भरपूर झालेत, काणकोण-सांग्याकडचे फार कमी आहेत आणि पेडण्याकडे गोवराला काय म्हणतात यावर दोन जणींनी मला दोन वेगळे शब्द सांगितलेत. त्या बाजूला कोणी असाल तर जरा विचारून कळवा.